खुलासा : ‘चालता किल्ला’ मूळचा जपानी नव्हे

‘हाऊल्स मूव्हिंग कॅसल’ ही जपानी गोष्ट आहे, असं अॅनिमे (जपानी अॅनिमेशन) बघणारे सर्रास सांगतात. चित्रपट जपानीच, हायाओ मियाझाकींचा, २००४चा. पण कादंबरी ब्रिटिश लेखिका डायना विन जोन्स यांची, १९८६ची. कल्पना मात्र त्यांच्याही डोक्यातली नव्हती! एका शाळेत गेल्या असताना एका मुलाने ‘चालता किल्ला’ नावाचं पुस्तक लिहा, अशी फर्माईश केली. त्यांनी त्याचं नाव टिपून जपून ठेवलं, इतकं जपून की पुन्हा सापडलंच नाही. हे त्यांनीच पुस्तकात नोंदवलंय.

किल्ल्याचं दार जादूचं, मुठीवरच्या रंगागणिक वेगळ्या जागी उघडणारं. मूठ काळ्या रंगावर फिरवली की पुस्तकात थेट आजचं, ब्रिटनमधलं वेल्स लागतं. तिथे किल्ल्याचा मालक, जादूगार हाऊल म्हणजे हॉवेल जेन्किन्स, बहिणीची बोलणी खाणारा भाऊ. चित्रपटात हे वेल्स गायब, त्याजागी युद्ध. मला विचाराल तर गंमत तिथेच गेली.

दुसरा समज, या जोन्सबाई हॅरी पॉटरच्या वाटेने गेल्या. त्यांचं ‘चार्म्ड लाइफ’ १९७७चं, निवासी शाळेतल्या चेटक्या मुलांचं ‘विच वीक’ १९८२चं. हॅरी आला १९९७ला. कोण कुणाच्या मागून?