महासाथीतील अतिदक्षता उपचार : नैतिक पेच

महासाथीत अतिदक्षता विभागातील खाटा, व्हेंटिलेटर, प्राणवायू आणि प्रशिक्षित मनुष्यबळ अपुरे पडू लागले, की उपचार आधी कोणाला द्यायचे, कोणाचे थांबवायचे आणि हे कोणी ठरवायचे, असे प्रश्न उभे राहतात. एरवी डॉक्टर समोरच्या एका रुग्णाशी बांधील असतो. साथीत दाराबाहेर थांबलेल्या रुग्णांचाही त्याच्यावर तेवढाच हक्क असतो. दोन्ही कर्तव्ये खरी, पण दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत.

अतिदक्षता विभाग ही संकल्पनाच एका साथीतून आली. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली, तेव्हा तेथील ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनयंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेला छेद देऊन त्यातून रबरी पिशवीने हवा देण्याची पद्धत वापरली. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, आठवडेच्या आठवडे, हातांनी त्या पिशव्या दाबल्या. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. टंचाईवरचे पहिले उत्तर माणसे आणि साधने वाढवणे हेच असते. निवड करण्याची वेळ ते उपाय संपल्यावर यावी.

निवडीसाठी वापरला जाणारा ‘ट्रायाज’ हा शब्द मूळचा फ्रेंच आहे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दोमिनिक लारे यांनी जखमींचा क्रम हुद्द्यावरून न लावता जखमेच्या गांभीर्यावरून लावला. हे तत्त्व सोडले की काय होते, ते १९६० च्या दशकात सिअ‍ॅटलमध्ये दिसले. डायलिसिसची यंत्रे मोजकीच असल्याने ती कोणाला द्यायची, हे ठरवायला सात जणांची समिती नेमली होती. तिने रुग्णाचे उत्पन्न, मुलेबाळे, चर्चमधील सहभाग अशा गोष्टीही विचारात घेतल्या. १९६२ मध्ये हे जाहीर झाल्यावर मोठी टीका झाली. माणसाची ‘समाजोपयोगिता’ हा निकष त्यानंतर वैद्यकीय नीतिशास्त्रात त्याज्य मानला जाऊ लागला.

मग कोणता निकष लावायचा? ‘आधी येईल त्याला आधी’ हा नियम वरवर समान दिसतो, पण रुग्णालयाजवळ राहणारा आणि वाहन असलेलाच आधी पोहोचतो. म्हणून बहुतेक मार्गदर्शक तत्त्वे ‘वाचण्याची शक्यता जास्त, त्याला आधी’ या निकषाकडे वळली. इटलीतील भूलतज्ज्ञ व अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने ६ मार्च २०२० रोजी, अतिदक्षता विभागात दाखल करण्यासाठी वयोमर्यादा घालावी लागू शकते, असे उघडपणे लिहिले. ते वाचून अनेकांना धक्का बसला, पण जे खाटेपाशी मुकाट्याने घडू लागले असते, ते तिने कागदावर आणले, हे तिच्या बाजूने म्हटलेच पाहिजे.

शक्यता मोजण्यासाठी अनेक ठिकाणच्या आराखड्यांनी ‘सोफा’ गुणांकन धरले. सहा अवयवसंस्थांना प्रत्येकी शून्य ते चार गुण, एकूण २४; गुण जितके जास्त, तितकी प्रकृती गंभीर. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत अवयवांची बिघडलेली स्थिती नोंदवण्यासाठी होती, दोन रुग्णांतून एक निवडण्यासाठी नव्हे. मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्याचे गुण मुळातच चढे असतात आणि असे विकार गरीब व वंचित गटांत जास्त आढळतात. आकडा तटस्थ दिसतो, पण आधीची विषमता त्यातून पुढे चालत येते. ब्रिटनमध्ये २० मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनेत दुर्बलता-श्रेणीचा (रुग्ण रोजच्या कामांत किती परावलंबी आहे, याच्या मापाचा) आधार होता. स्वमग्न आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती दैनंदिन कामांत मदत घेतात, एवढ्यावरून त्या ‘दुर्बल’ ठरतील, असा आक्षेप आला आणि पाच दिवसांत सूचना बदलावी लागली. जर्मनीच्या घटना न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये अपंगांना अशा निवडीत संरक्षण देणे हे संसदेचे कर्तव्य ठरवले.

सर्वांत कठीण प्रश्न चालू व्हेंटिलेटर काढण्याचा आहे. उपचार सुरू न करणे आणि सुरू केलेले थांबवणे यांत नैतिक फरक नाही, असे नीतिशास्त्रज्ञ सहसा सांगतात. रुग्णाचा हात हातात घेतलेल्या परिचारिकेला मात्र तो फरक जाणवतो, आणि त्या जाणिवेला चूक म्हणून झटकणे योग्य नाही. कोविडचे रुग्ण कित्येक आठवडे यंत्रावर राहत, त्यामुळे हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. न्यूयॉर्क राज्याच्या २०१५ च्या आराखड्यात ४८ आणि १२० तासांनी पुनर्मूल्यांकन सुचवले होते : सुधारणा नसेल तर यंत्र दुसऱ्याकडे. जर्मनीने २०२२ च्या कायद्यात नेमके हेच निषिद्ध केले. (तो कायदा २०२५ मध्ये घटना न्यायालयाने संघराज्याच्या अधिकाराबाहेरचा म्हणून रद्द केला.) बंदीने खाटेवरचा रुग्ण निर्धास्त होतो, पण एकदा लावलेले यंत्र काढता येणार नाही या धास्तीने डॉक्टर ते लावायलाच कचरू शकतो.

म्हणूनच उपचार करणारा आणि निवड करणारा वेगळा असावा, असे अनेक आराखडे सांगतात. वेगळी समिती, आधी जाहीर केलेले निकष, निर्णयाची लेखी नोंद आणि फेरविचाराची सोय एवढे असले, तर रात्री तीन वाजता एकट्या डॉक्टरवर सगळा भार येत नाही. अ‍ॅण्ड्र्यू जेमटन या तत्त्वज्ञांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या संदर्भात ‘नैतिक क्लेश’ ही संज्ञा मांडली : योग्य काय ते कळते, पण परिस्थिती ते करू देत नाही. साथीत आप्तांना भेटबंदी असताना फोनच्या पडद्यावर निरोप घडवून आणणाऱ्यांनी हा क्लेश रोज सोसला.

घाईत अप्रमाणित औषधे देणे हाही पेचच. ‘काहीतरी केले पाहिजे’ ही ओढ समजण्यासारखी आहे, परंतु ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने संकटातही शिस्तीने संशोधन होऊ शकते हे दाखवले. डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हे जून २०२० मध्ये तिच्यातूनच कळले.

ज्याला यंत्र मिळत नाही, त्याचेही उपचार संपत नाहीत. श्वासाची तडफड कमी करणारी औषधे आणि सोबत या दोन्ही गोष्टी त्याला द्यायच्याच असतात. आप्तांशी बोलतानाही सचोटी लागते. ‘व्हेंटिलेटरचा उपयोग होणार नाही’ आणि ‘व्हेंटिलेटर शिल्लक नाही’ ही दोन वेगळी कारणे आहेत. दुसरे खरे असताना पहिले सांगितले जाण्याचा मोह मोठा असतो, कारण त्याने प्रश्न थांबतात. मात्र त्याने टंचाईची नोंदही कुठेच राहत नाही.