लष्करी खर्चात कपात झाली, मग शाळेचा पैसा कुठाय?

"लष्करावरचा खर्च कमी करा, शाळा-दवाखान्यांना द्या." ही मागणी एका दमात होते, म्हणून ती एकच वाटते. खरं तर त्या दोन आहेत: एक कपात, दुसरी निधी वर्ग करणं. पिकाला पाणी देताना दारं धरलेल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही. एका वाफ्याचं दार बंद केलं म्हणून पाणी आपोआप शेजारच्या वाफ्यात शिरत नाही. तिकडचं दार मोडावं, म्हणजे उघडावं लागतं, नाहीतर ते उताराला धावतं.

शीतयुद्धानंतरची अमेरिका बघा. १९८० च्या दशकाच्या मध्याला तिचा संरक्षण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ६ टक्के होता, तो शतक संपता संपता ३ टक्क्यांच्या आसपास आला. (टक्का नुसता उत्पन्न वाढल्यानंही घसरतो, पण इथे महागाई वजा केल्यावर रक्कमही घटली होती, लष्करी तळही बंद झाले होते.) कपात खरीच. मात्र १९९० च्या अर्थसंकल्पविषयक कायद्यानं संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि देशांतर्गत कामं यांना वेगवेगळ्या खर्चमर्यादा घातल्या होत्या. पहिली तीन वर्षं संरक्षणाच्या कप्प्यातली बचत दाखवून देशांतर्गत कप्प्याची मर्यादा वाढवता येत नव्हती. मग ती बचत गेली कुठे? सरकारी तूट कमी करण्यात. तेही वाईट म्हणता येणार नाही. पण शांततेच्या नावावर नव्या शाळांची वाट पाहणाऱ्यांच्या हाती त्यातलं फार काही लागलं नाही.

मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिका या छोट्या देशात उलट घडलं. १ डिसेंबर १९४८ ला तिथले तेव्हाचे सत्ताप्रमुख होसे फिगेरेस यांनी बेयाविस्ता या लष्करी बराकीच्या भिंतीवर घण घातला आणि सैन्य बरखास्त केल्याचं जाहीर केलं. १९४९ च्या घटनेत कायमस्वरूपी सैन्याला बंदी आली आणि त्याच बराकीत राष्ट्रीय संग्रहालय उभं राहिलं. पुढे शिक्षणाचा किमान वाटाही घटनेत लिहिला गेला. २०११ च्या दुरुस्तीनं तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या ८ टक्क्यांवर नेला. म्हणजे एक दार बंद, दुसरं मोडलेलं. तरीही प्रत्यक्ष खर्च त्या ८ टक्क्यांच्या खालीच राहत आलाय. लिहिलेलं आणि पोचलेलं यांतही अंतर असतंच.

आणखी एक गफलत. १९५३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर म्हणाले होते की एका बॉम्बफेकी विमानाच्या किमतीत तीसहून अधिक शहरांत एकेक पक्की शाळा उभी राहते. हिशेब चटकन पटतो, पण अर्धा आहे. विमान रद्द केलं की पैसे एकदाच वाचतात. शाळेत मास्तर लागतो आणि त्याचा पगार दरमहा. उलट सैनिकांची संख्या घटवली तरी निवृत्तिवेतन चालूच राहतं. त्यामुळे कपातीची बातमी वाचताना मी आधी बघतो, ती खरेदीत आहे की पगारात, आणि अर्थसंकल्पात वाढ कुठल्या शीर्षाखाली दाखवलीय. वाढ कुठेच दिसत नसेल, तर ती नुसती कपात.

पैसा वर्ग करणं त्या मानानं सोपं, माणसं आणि यंत्रं वर्ग करणं कठीण. ब्रिटनमध्ये लष्करी विमानांचे भाग बनवणाऱ्या लुकास एरोस्पेस कंपनीच्या कामगारांनी नोकऱ्या जातील हे ओळखून १९७६ मध्ये स्वतःच आराखडा मांडला. आपल्याच कौशल्यावर बनवता येतील अशा सुमारे १५० वस्तू त्यात होत्या: कृत्रिम मूत्रपिंडाची यंत्रं, उष्मा-पंप, असं बरंच काही. व्यवस्थापनानं तो नाकारला. त्यातली रस्त्यावर आणि रुळावर दोन्हीकडे चालणारी बस मात्र पुढे नमुन्यादाखल बनली, आणि चाललीही.