जोडताऱ्याचा ग्रह आणि किरणोत्सवाचा हिशेब

किरणोत्सवाच्या संध्याकाळी अंबाबाईच्या देवळात दोन तऱ्हेची माणसं असतात. काही हात जोडून उभी, आणि काही हातात उजेड मोजायचं यंत्र घेऊन. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं आणि गरुड मंडप, गणपती चौक, पितळी उंबरा ओलांडत गाभाऱ्यात पोचतं. यंत्रवाले टप्प्याटप्प्यावर आकडे घेतात. आकडा घसरला की चर्चा सुरू होते: ढग आला, हवेत धूळ आहे, की वाटेत एखादी इमारत आडवी आली?

दूरच्या ताऱ्यांभोवती ग्रह शोधणाऱ्यांचा धंदा जवळपास हाच. ग्रह स्वतः दिसत नाही. ताऱ्याचा उजेड रात्रंदिवस मोजत राहायचं आणि तो मधूनच घसरतो का, ठरावीक दिवसांनी पुन्हा तसाच घसरतो का, ते बघायचं. गुरूचा व्यास सूर्याच्या साधारण एक दशांश, म्हणजे गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला की उजेड सुमारे एक टक्का कमी होतो. याला अधिक्रमण म्हणतात. २००४ आणि २०१२ च्या जूनमध्ये शुक्राचं अधिक्रमण आपल्याकडूनही दिसण्याजोगं होतं, फक्त जूनचं आभाळ मोकळं मिळायला हवं. अट एकच: तारा, ग्रह आणि आपण एका रेषेत हवेत. किंचित कलंडलं की काही दिसणार नाही.

आता गाभाऱ्यातल्या त्या यंत्राशेजारी कुणी दुसरा दिवा लावला तर? जोडताऱ्यांचं, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांचं, दुखणं तेच आहे. सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना सोबती आहे, त्यामुळे हा अपवाद म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

ताऱ्यांच्या जोड्या आपल्याला नव्या नाहीत. लग्नात वसिष्ठाशेजारची अरुंधती दाखवतातच. दुर्बिणीतून पाहिल्यावर खुद्द वसिष्ठच दोन ताऱ्यांचा निघाला, ही १६१७ ची गोष्ट. अशा काही जोड्या नुसत्या शेजारी दिसत नाहीत, खरोखर एकमेकींभोवती फिरतात, हे विल्यम हर्शलने १८०३ मध्ये दाखवलं.

यापुढचा धागा पुण्यातून जातो, आणि तो आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. विल्यम स्टीफन जेकब हा ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनिअर, मोजणीच्या कामावर मुंबई इलाख्यात आलेला. १८४२ मध्ये त्याने पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा थाटली आणि जोडताऱ्यांचे वेध घेऊ लागला. २४४ जोड्यांची यादी करून त्याने ती लंडनला पाठवली. पुढे तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला. तिथून १८५५ मध्ये त्याने जाहीर केलं की भुजंगधारी तारकासमूहातल्या ‘७० ऑफियुची’ या जोडीची कक्षा गणिताशी जुळत नाही, आणि तिथे एखादा ग्रह असण्याची बरीच शक्यता आहे.

हे दोन तारे एकमेकांभोवती सुमारे ८८ वर्षांत एक फेरी करतात आणि ते आपल्यापासून जेमतेम १७ प्रकाशवर्षांवर आहेत. जेकबच्या दाव्याला पुढे अमेरिकेत थॉमस सी या खगोलशास्त्रज्ञाने उचलून धरलं. १८९९ मध्ये फॉरेस्ट मोल्टनने हिशेब मांडून दाखवलं की सी म्हणतो तसा ग्रह त्या दोन ताऱ्यांच्या ओढाताणीत टिकूच शकत नाही. तिथे आजवर ग्रह सापडलेला नाही. मला मात्र जेकब चुकला याहून त्याने कुठे बघितलं हे महत्त्वाचं वाटतं. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचा, आकडेमोडीवर उभा असलेला इतका जुना दावा, आणि तो जोडताऱ्याबद्दल! १८६२ मध्ये पुण्याजवळ डोंगरावर वेधशाळा उभारायची म्हणून तो नऊ इंची भिंग घेऊन परत आला. ८ ऑगस्टला मुंबईत उतरला आणि १६ ऑगस्टला पुण्यात वारला.

मोल्टनच्या गणितातली शंका मात्र टिकून राहिली. दोन ताऱ्यांच्या ओढाताणीत ग्रह तयार तरी होईल का? शिवाय जवळजवळच्या ताऱ्यांचा प्रकाश उपकरणात मिसळतो. त्यामुळे ग्रहशोधाच्या मोहिमांनी अशा जोड्या मुद्दाम टाळल्या. तरी १९८८ मध्ये वृषपर्वातल्या ‘गॅमा सेफी’ या जोडताऱ्यात ग्रहाची चाहूल लागली होती. १९९२ मध्ये शोधणाऱ्यांनीच ती मागे घेतली, आणि पुढे दहा वर्षांनी ग्रह खरा निघाला. दरम्यान १९९५ मध्ये ‘५१ पेगासी’ या ताऱ्याचा ग्रह सापडून गेला होता आणि १९९९ मध्ये ‘एचडी २०९४५८’ या ताऱ्यासमोरून जाणारा पहिला ग्रह टिपला गेला होता.

मग २००६ मध्ये आला ‘हॅट-पी-१’चा ग्रह. खगोलशास्त्रज्ञ गास्पार बाकोस यांच्या गटाचे कॅमेरे ॲरिझोना आणि हवाईमध्ये बसवले होते. त्यांची भिंगं ११ सेंटिमीटरची, फोटोग्राफीच्या दुकानात मिळणाऱ्या टेलिफोटो जातीची. सरठ तारकासमूहातली एक जोडी त्यांच्या चित्रात एकच ठिपका म्हणून येत होती, कारण दोन ताऱ्यांमधलं अंतर फक्त ११ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). ग्रह फिरतो त्यातल्या एकाभोवती, पण उजेड दोघांचा मोजला जात होता. त्यामुळे घसरण निम्म्यावर आलेली. मोठ्या दुर्बिणींनी दोन्ही तारे सुटे केले तेव्हा कळलं की ग्रह मंद ताऱ्याचा आहे आणि साडेचार दिवसांत एक फेरी मारतो.

इथे अडचणीचीच सोय झाली. दोन्ही तारे जवळजवळ सारख्या जातीचे, सारख्या रंगाचे. आपल्या हवेमुळे एकाचा उजेड हलला की दुसऱ्याचाही तसाच हलतो, म्हणून एकाला दुसऱ्याशी ताडून बघितलं की हवेचा दोष निघून जातो. शेजारचा दिवाच मापाचा झाला. ग्रहही अजब निघाला: वस्तुमान गुरूच्या निम्म्याच्या आसपास, पण व्यास गुरूपेक्षा मोठा. घनता पाण्याच्या निम्म्याहूनही कमी. त्याला पुरेल एवढा रंकाळा असता तर तो तरंगला असता.

त्याच्या शेजारच्या ताऱ्याचं अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या हजारपटीहून जास्त आहे, म्हणजे तिथून तो सूर्य म्हणून नव्हे, फार ठळक तारा म्हणूनच दिसेल. दोन सूर्य मावळताना दिसावेत अशी खरी जागा १५ सप्टेंबर २०११ ला जाहीर झाली. हंस तारकासमूहातल्या ‘केप्लर-१६’ चे दोन तारे ४१ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात, आणि शनीएवढा ग्रह २२९ दिवसांत दोघांनाही वळसा घालतो. तारेच जागा बदलत असल्यामुळे त्याचं अधिक्रमण घड्याळासारखं येत नाही, कधी लवकर तर कधी उशिरा. जोडताऱ्यांचे ग्रह संगणकाच्या नजरेतून सहज निसटतात ते यामुळेच. २०१९ मध्ये ‘टेस’ या ग्रह शोधणाऱ्या उपग्रहाच्या नोंदींतून ‘टीओआय-१३३८’ चा असा ग्रह हेरला तो १७ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने, डोळ्यांनी आलेख चाळताना.

केप्लर-१६ च्या ग्रहाची कक्षाही हळूहळू कलंडते आहे. शोधणाऱ्यांच्या गणितानुसार २०१४ मध्ये तो लहान ताऱ्यासमोरून जायचा थांबला आणि २०१८ च्या सुरुवातीला मोठ्यासमोरूनही. तिथे वाटेत कुणी इमारत बांधलेली नाही. रेषाच सरकली आहे, आणि ती पुन्हा जुळेल साधारण २०४२ मध्ये.