एक गडी मोकळा सोडायचा: ऑप्शन डावाची पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉलमध्ये धावेच्या साध्या डावात आक्रमणाला नेहमी एक गडी कमी पडतो. चेंडू घेऊन पळणारा कुणाला अडवू शकत नाही, आणि चेंडू देऊन बाजूला झालेला क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा गडी, तर नुसता बघत उभा राहतो. ऑप्शनने यावर तोड काढली: बचावातला एक गडी मुद्दाम न अडवता सोडायचा, तो कुठे झेपावतो ते पाहायचे आणि दुसरीकडून चेंडू काढायचा. अंगापिंडाने लहान संघांना हा डाव भावतो तो यासाठीच. समोरच्या दांडगोबाला अडवण्याची गरजच उरत नाही.

याचे श्रेय मिसुरी विद्यापीठाचे प्रशिक्षक डॉन फॉरो यांना जाते. त्यांचा नावाजलेला पासर पॉल क्रिस्टमन १९४० च्या हंगामानंतर बाहेर पडला, तेव्हा काहीतरी नवे करणे भाग होते. बास्केटबॉलमध्ये दोघे मिळून एकट्या बचावपटूवर चालून जातात; तो चेंडूवाल्याकडे वळला की पास साथीदाराला. फॉरो यांनी १९४१ मध्ये ‘स्प्लिट-टी’ या रचनेत नेमके हेच आणले. पुढच्या रांगेतल्या लाइनमनमधली अंतरे वाढवली आणि क्वार्टरबॅकला रेषेला समांतर पळवले. बाहेरचा एंड (बचावाच्या रांगेच्या टोकाचा गडी) अंगावर आला तर हाफबॅक या मागच्या धावणाऱ्या गड्याकडे पिच, म्हणजे बाजूला-मागे चेंडू टाकणे, नाही आला तर स्वतः आत घुसायचे. पहिला सामना ओहायो स्टेटकडून गमावल्यावर मिसुरीने ओळीने आठ जिंकले. पुढे युद्धकाळात आयोवातल्या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात फॉरो यांच्या हाताखाली बड विल्किन्सन आणि जिम टेटम हा डाव शिकले. विल्किन्सन यांच्या ओक्लाहोमाने १९५३ ते १९५७ दरम्यान सलग ४७ सामने जिंकले ते याच्याच जोरावर.

साठच्या दशकाच्या मध्यावर ह्यूस्टन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल योमन यांनी ‘व्हीअर’ या डावात आणखी एक गडी मोकळा सोडला, तोही आतल्या बाजूचा. आता निर्णय तीन झाले: आत घुसणाऱ्या बॅकला द्या, स्वतः ठेवा किंवा पिच करा. १९६८ मध्ये टेक्सस विद्यापीठाचे सहायक प्रशिक्षक एमरी बेलार्ड यांनी त्यासाठी ‘विशबोन’ रचना बसवली; तीत क्वार्टरबॅकच्या मागे तीन बॅक असतात. बेलार्ड अनेक वर्षे शाळांचे संघ घडवून आलेले. सुरुवात मात्र अडखळत झाली. ह्यूस्टनशी २०-२० बरोबरी, मग टेक्सस टेककडून हार. त्यानंतर जेम्स स्ट्रीट क्वार्टरबॅक झाला आणि फुलबॅकला, म्हणजे क्वार्टरबॅकच्या थेट मागच्या बॅकला, थोडा मागे उभा केला. तो फार पुढे असल्यामुळे क्वार्टरबॅकला पाहायला वेळच मिळत नव्हता. मग सलग ३० विजय.

मुलांना शिकवताना फुलबॅकची ही जागा सर्वात आधी तपासावी. बारा वर्षांचा क्वार्टरबॅक चेंडू फुलबॅकच्या पोटाशी धरतो तो जेमतेम अर्धा सेकंद, आणि तेवढ्यात त्याने न अडवलेल्या गड्याचे खांदे वाचायचे असतात. खांदे आत वळले तर चेंडू ओढून घ्यायचा, एरवी सोडून द्यायचा. शंका आली तर सोडूनच द्यायचा. फुलबॅकने दोन्ही हातांनी चेंडू अलगद झाकायचा, हिसकायचा नाही. चेंडू आपल्या पुढच्या पायाच्या पलीकडे गेल्यावर क्वार्टरबॅकने तो मागे ओढू नये. दोघे खेचू लागले की फंबल, म्हणजे चेंडू हातातून सुटणे, ठरलेलाच.

आमच्या मते पहिल्याच आठवड्यात तिन्ही निर्णय शिकवणे हा घोटाळा आहे. इतिहासात जे आधी आले ते आधी शिकवा. फुलबॅकला देणे-न देणे सुरुवातीला प्रशिक्षकानेच ठरवून सांगावे, आणि मुलाला फक्त बाहेरच्या गड्याचा निर्णय घेऊ द्यावा, म्हणजे फॉरो यांचाच डाव. दुसरा निर्णय त्यानंतर.

पिच सर्वात जास्त बिघडते. पिच घेणाऱ्याने क्वार्टरबॅकच्या बाहेर साधारण चार यार्ड आणि मागे एक यार्ड राहायचे. लहान वयात तीन यार्ड पुरेत. उत्साहाच्या भरात मुले पुढे निघून जातात, मग चेंडू पुढे फेकला जातो. मागे दिलेला चेंडू जमिनीवर पडला तरी खेळ चालूच असतो, त्यामुळे हुकलेल्या पिचवर झडप घालण्याचा सराव हवाच. क्वार्टरबॅक दुसरी चूक करतो ती बाजूरेषेकडे वाहत जाण्याची. त्याने बचावपटूच्या आतल्या खांद्यावर चालून जायचे, म्हणजे त्याला निर्णय घेणे भाग पडते. बचावपटू मुद्दाम रेंगाळला तर थांबून वाट पाहू नये. मागून पाठलाग करणारे येऊन पोचतात. सरळ पुढे, प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेकडे वळावे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ग्लेनव्हिल स्टेट महाविद्यालयाचे प्रशिक्षक रिच रॉड्रिग्ज यांनी शॉटगनमधून, म्हणजे क्वार्टरबॅक रांगेपासून काही यार्ड मागे उभा असताना, ‘झोन रीड’ हा डाव रुजवला. त्यात डावाच्या उलट बाजूचा एंड मोकळा सोडतात. टीव्हीवर हाच जास्त दिसत असल्याने मुलांनाही तोच हवा असतो. पण लहान सेंटरचा लांब स्नॅप (रांगेच्या मधल्या गड्याने पायांमधून मागे दिलेला चेंडू) क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून जातो आणि वाचायचा प्रश्नच उरत नाही.

विशबोनकाळात बाहेरच्या गड्यांना गुडघ्याशी ब्लॉक करून पाडत. महाविद्यालयीन नियमांनी २०२२ पासून असे कमरेखालचे ब्लॉक टॅकल ते टॅकल, म्हणजे आक्रमणाच्या रांगेतल्या दोन बाजूंच्या टॅकल गड्यांमधल्या, पट्ट्यापुरतेच ठेवले. म्हणून जुन्या आराखड्यातला बाहेरचा ब्लॉक मुलांना जसाच्या तसा देऊ नये. त्यांना उभ्याने, हात छातीवर ठेवून, बचावपटू आणि चेंडूवाल्याच्या मध्ये राहायला शिकवावे.