ट्रान्सलँग्वेजिंग

बहुभाषिक विद्यार्थ्याला अवगत असलेल्या सर्व भाषांचा अध्ययनासाठी हेतुपूर्वक उपयोग करून घेणारी अध्यापनपद्धती; तसेच अशा भाषाव्यवहाराविषयीचा सिद्धान्त. इंग्रजीच्या वर्गात आज तिचा विशेष पुरस्कार होत असला, तरी तिचा उगम इंग्रजीपुढे माघार घेत असलेल्या वेल्श (ब्रिटनमधील वेल्सच्या) भाषेच्या शिक्षणात आहे.

मूळ वेल्श संज्ञा ‘ट्राउसयैथी’. तिचे जनकत्व सामान्यतः वेल्श शिक्षणतज्ज्ञ केन विल्यम्स यांच्या बँगोर (वेल्स) येथील १९९४ च्या पीएच.डी. प्रबंधाला दिले जाते. तथापि विल्यम्स व त्यांचे सहकारी डॅव्हिद व्हिटल यांनी १९८० च्या दशकातच लॅन्डिड्नो येथील उपमुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणवर्गात ती योजल्याचे सांगितले जाते. त्यामुळे १९९४ हे वर्ष संज्ञेच्या जन्माचे नव्हे, तर शास्त्रीय मांडणीचे मानणे अधिक सयुक्तिक होय. ‘ट्रान्सलिंग्विफाइंग’ हा आधीचा, काहीसा बोजड इंग्रजी प्रतिशब्द मागे पडून द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक कॉलिन बेकर यांचा ‘ट्रान्सलँग्वेजिंग’ हा सध्याचा शब्द २००१ पासून रूढ झाला.

विल्यम्स यांची कल्पना मर्यादित होती : ग्रहण एका भाषेत, आविष्कार दुसरीत. उतारा इंग्रजीत वाचायचा, त्यावर वेल्शमध्ये लिहायचे; पुढच्या वेळी उलट. यात उताऱ्यातली वाक्ये जशीच्या तशी उतरवून उत्तर सजवता येत नाही, आशय आधी पचवावा लागतो. द्विभाषिक शिक्षणाच्या अभ्यासक ओफेलिया गार्सिआ यांनी २००९ मध्ये संज्ञेची व्याप्ती वाढवली. ‘इंग्रजी’, ‘स्पॅनिश’ ही सामाजिक नावे असून वक्त्याच्या मनात एकच अखंड भाषासंचय असतो, ही भूमिका त्यांनी ओथेगी व रीड या भाषावैज्ञानिकांसह २०१५ मध्ये मांडली. भाषावैज्ञानिक जेफ मॅक्स्वान (२०१७) यांना ती मान्य नाही. भाषामिश्रणातही व्याकरणाचे नियम पाळले जातात, म्हणून भाषाभेद निव्वळ सामाजिक नव्हे, हे त्यांचे प्रतिपादन दुर्लक्षिण्याजोगे नाही. वर्गातील पद्धतीला मात्र या वादाने फारशी बाधा येत नाही. तिला जिम कमिन्स यांच्या १९७९ च्या भाषिक परस्परावलंबनाच्या गृहीतकाचा (एका भाषेत कमावलेली क्षमता दुसरीत उपयोगी पडते) आधार पुरतो. याउलट मकेरेरे (युगांडा) येथील इंग्रजी अध्यापनावरील १९६१ च्या परिषदेशी निगडित विचार इंग्रजी केवळ इंग्रजीतूनच शिकवावी असा होता.

प्रत्यक्षात स्पॅनिशभाषक मूल ‘नासिओन’ आणि ‘नेशन’ शेजारी मांडून ‘सिओन’चा ‘शन’ होतो हे ताडते व असे अनेक शब्द एकदम ओळखू लागते. फसवी साम्येही याच तुलनेत उघड होतात : ‘एम्बारासादा’ म्हणजे गर्भवती, इंग्रजी ‘एम्बॅरस्ड’ म्हणजे ओशाळलेला. शिक्षकाला ती भाषा येत नसल्यास समभाषकांच्या जोड्या व द्विभाषिक शब्दसूची यांवर भागवले जाते. परीक्षा मात्र बहुधा एकभाषिकच राहिल्या आहेत.