एका इंजिनाच्या भरवशावर समुद्र

जुलै 1909 मध्ये इंग्लिश खाडी ओलांडायला निघालेलं एक विमान इंजिन बंद पडल्यानं पाण्यावर उतरलं. लाकडी सांगाडा तरंगत राहिला, वैमानिक वाचला. 1919 मध्ये अटलांटिकवर इंजिन तापू लागल्यावर वैमानिक आणि त्याच्या दिशादर्शकानं जहाज हुडकून त्याच्या जवळच पाण्यावर विमान टेकवलं. जहाजावर बिनतारी यंत्र नसल्यानं आठवडाभर दोघंही गेले असंच जग समजत होतं. पुढे 1927 मध्ये एकाच इंजिनावर न्यूयॉर्क ते पॅरिस झालं आणि धोका मागे पडल्यासारखं वाटू लागलं.

खरा वाद नंतरचा आहे. युरोपमध्ये एका इंजिनाच्या विमानानं रात्री किंवा ढगांतून भाड्याचे प्रवासी नेण्यावर सर्वसाधारणपणे बंदी होती. 2017 मध्ये टर्बाइन इंजिनांपुरती (जेटच्या तत्त्वावर चालणाऱ्या इंजिनांपुरती) ती उठली. अट अशी, की दहा लाख उड्डाणतासांत इंजिनाची शक्ती जाण्याचे प्रसंग दहापेक्षा कमी असावेत, इंजिनाच्या तब्येतीची आपोआप नोंद होत राहावी आणि वाटेत उतरण्याच्या जागा आधीच ठरलेल्या असाव्यात. विरोधकांचं म्हणणं होतं की दुसऱ्या इंजिनाला पर्याय नाही. ते अर्धंच खरं आहे. मोटारीसारख्या पिस्टन इंजिनांच्या छोट्या, दोन इंजिनांच्या विमानात एक इंजिन गेलं की वर चढण्याची ताकद 80 टक्के किंवा त्याहूनही जास्त घटते. जादा इंधनानं जड झालेलं विमान बऱ्याचदा उंचीसुद्धा राखू शकत नाही. शिवाय इंजिनं दोन म्हणजे त्यांतलं एखादं बिघडण्याची शक्यताही दुप्पट.

माझा आक्षेप वेगळा आहे. आकडा इंजिनाचा मोजला गेला. पण धडधाकट इंजिनही इंधन पोचलं नाही तर थांबतं. समुद्रावरच्या दमट हवेत, बाहेर वीस अंश असतानाही, पिस्टन इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागात, बर्फ धरतो. आणि नवी विमानं खरेदीदाराकडे पोचवणारी उड्डाणं या नियमांच्या बाहेरच राहतात, कारण त्यांत प्रवासी नसतात. तिथे केबिनमध्ये तात्पुरत्या टाक्या बसवतात आणि खरी जोखीम त्या नळ्या-झडपांत असते. कॅलिफोर्निया ते हवाई हा सुमारे 3,800 किलोमीटरचा टप्पा, मधे एकही धावपट्टी नाही. जानेवारी 2015 मध्ये जादा टाकीतलं इंधन वळवता न आल्यानं एका वैमानिकाला अख्खं विमान पॅराशूटनं पाण्यावर उतरवावं लागलं. नोव्हेंबर 2020 मध्ये त्याच मार्गावर टर्बाइनचं, म्हणजे 2017 च्या निर्णयानं विश्वासार्ह ठरवलेल्या जातीचं, विमान भर समुद्रात उतरलं. तराफ्यातल्या दोघांना दुसऱ्या दिवशी एका तेलवाहू जहाजानं उचललं.

दोन्ही वेळा माणसं वाचली ती तरंगण्याची साधनं जवळ होती आणि शोधणाऱ्यांना त्यांची जागा कळली म्हणून. 2009 पासून उपग्रह बीकनची, म्हणजे संकटात संदेश पाठवणाऱ्या यंत्राची, 121.5 मेगाहर्ट्झवरची जुनी हाक ऐकतच नाहीत, फक्त 406 मेगाहर्ट्झवरची ऐकतात. जुनाच बीकन घेऊन समुद्रावर निघालेल्या वैमानिकाला याची माहिती असणं कुठल्याही इंजिनाच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे.