ओव्याचं पान आणि ओवा: वास एक, झाडं दोन

पावसाळा लागला, घरोघरी नाकं वाहायला लागली की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप हमखास येतो : ‘कुणाकडे ओव्याचं झाड आहे का? चार पानं हवी होती.’ थोड्या वेळात वॉचमनकाकांच्या हाती पानं पोचतातही. जाड, लवदार, कडेला कातरलेली, आणि चुरडली की थेट ओव्याच्या डब्याचा वास. देणाऱ्या काकू आणि घेणारी सूनबाई, दोघींचीही समजूत अशी की या झाडाला कधीतरी फुलं येतील आणि मग त्यात ओवा धरेल.

नाही धरणार. ते ओव्याचं झाडच नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यातला ओवा एका झाडाचा आणि कुंडीतलं पान भलत्याच झाडाचं. ओवा हा जिरं, बडीशेप, शेपू, कोथिंबीर, गाजर यांच्या कुळातला. शास्त्रीय नाव ट्रॅकिस्पर्मम अम्मी. कुंडीतला आहे तो पानओवा, म्हणजे कोलियस अँबॉइनिकस. तो तुळस, पुदिना, सब्जा यांच्या कुळातला. (जुन्या पुस्तकांत प्लेक्ट्रँथस हे नाव दिसलं तर तेही याचंच.) दोघांत नातं म्हणाल तर गाजराचं पुदिन्याशी जेवढं, तेवढंच.

खरं ओव्याचं झाड शहरातल्या बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं. ते रब्बीचं पीक आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायचं, उन्हाळ्याच्या तोंडाशी काढायचं आणि झाड संपलं. राजस्थान आणि गुजरात ही त्याची मोठी ठिकाणं. पान शेपूसारखं, बारीक दोऱ्यांचं. फुलं पांढरी, इवलीशी, छत्रीच्या काड्यांसारख्या पसरलेल्या तुऱ्यांवर. खात्री करून घ्यायची तर थंडी सुरू होताना डब्यातला चिमूटभर ओवा कुंडीत टाका. दाणा फार जुना नसेल तर उगवतो, आणि जे वर येतं त्याचा ग्रुपवर फिरणाऱ्या पानाशी काडीचाही संबंध नसतो.

दाणासुद्धा एकदा निवांत पाहण्यासारखा आहे. आपण त्याला बी म्हणतो, पण ते त्या झाडाचं फळ. करड्या पाठीवर उभ्या फिकट रेघा, आणि पुष्कळदा देठाचा केसाएवढा तुकडा चिकटलेला. रेघांमधल्या खाचांखाली तेलाच्या अतिबारीक नळ्या असतात. पुऱ्यांच्या कणकेत घालण्याआधी ओवा तळहातावर चोळायला सांगतात तो उगाच नाही. चोळलं की त्या नळ्या फुटतात आणि वास मोकळा होतो.

पानओव्याचा सगळा कारभार पानातच. झाड वर्षानुवर्षं टिकतं, दांडे मांसल, पानं समोरासमोर, आणि सुगंध पानावरच्या लवेतल्या ग्रंथींत. म्हणून नुसता हात लागला तरी बोटांना वास राहतो. फुलं येतात ती फिकट जांभळट, तुळशीच्या मंजिरीच्या धर्तीची, पण गॅलरीतल्या कुंडीत वर्षानुवर्षं एकही दिसत नाही. बिया कुणी पेरत नाही. फांदी खोचली की झालं.

मग वास एकच कसा? याचं उत्तर रसायनशास्त्रात आहे आणि ते मोठं गमतीचं आहे. ओव्याच्या तेलात मुख्य द्रव्य थायमॉल. पानओव्याच्या तेलात बहुधा कार्व्हाक्रॉलचा जोर, सोबत थायमॉलही. प्रमाण झाडागणिक बदलतं. ही दोन्ही द्रव्यं अगदी सारख्याच अणूंची बनलेली आहेत : कार्बनचे १०, हायड्रोजनचे १४, ऑक्सिजनचा १. फरक एवढाच की ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी कार्बनच्या कडीवर कुठे चिकटली आहे. नाकाला हा फरक फारसा कळत नाही. पिझ्झ्याबरोबर मिळणाऱ्या ओरेगॅनोच्या पुडीत काहींना ओव्याचा भास होतो, त्यामागेही हीच दोन मंडळी. दोन वेगळ्या कुळांनी आपापल्या वाटेने तेच द्रव्य बनवलं आहे.

वास सारखा म्हणून जोर सारखा, असं मात्र नाही, आणि घरगुती उपायात नेमकी इथेच गफलत होते. वाळलेल्या ओव्यात तेलाचं प्रमाण साधारण २ ते ४ टक्के. ताज्या पानात बहुतेक पाणीच. तेल एक टक्क्याच्याही बरंच खाली. म्हणजे ‘ओवा संपलाय, दोन पानं घाल’ हे चालतं, थोडं मिळमिळीत होईल इतकंच. पण ‘पानं नाहीत, त्याऐवजी दोन चमचे ओवा उकळ’ हे चालत नाही. असा काढा घशाखाली जळजळत जातो आणि पित्तप्रकृतीच्या माणसाला दुपारपर्यंत छातीत आग. कपभर पाण्याला पाव ते अर्धा चमचा ओवा पुष्कळ झाला. गरोदरपणात स्वयंपाकात पडतो तेवढाच ठीक, काढे नकोत.

करण्याची रीतही दोघांची वेगळी. ओवा टणक, त्याला उकळी सोसते. फक्त पातेल्यावर झाकण हवं, कारण तेल वाफेबरोबरच उडतं. घरभर घमघमाट सुटला म्हणजे काढा छान झाला असं वाटतं खरं, पण तेवढं तेल पातेल्याबाहेर गेलेलं असतं. पान मात्र शेवटी : आलं, गवती चहा, गूळ उकळून झालं, गॅस बंद केला, की दोन-तीन पानं फाडून टाकायची, झाकायचं, पाच मिनिटांनी गाळायचं. पहिल्यापासून पान उकळलं तर कडवट हिरवं पाणी उरतं. पान तव्यावर मऊ करून, पिळून, तो रस मधातून देण्याची पद्धतही घराघरात आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात नको. त्याने बॉट्युलिझमचा, म्हणजे अंग लुळं पाडणाऱ्या विषबाधेचा, धोका असतो.

पुरचुंडी ही निव्वळ ओव्याची मिरास. जाड बुडाच्या तव्यावर मंद आचेवर ओवा कोरडा भाजायचा, वास सुटला की सुती रुमालात बांधायचा, आपल्या मनगटाला लावून चटका बसत नाही ना ते पाहायचं आणि मग छाती-पाठ शेकायची, मधूनमधून हुंगायची. थायमॉल ५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि त्याची वाफ सहज होते, म्हणून गरम पुरचुंडी थंड ओव्यापेक्षा कितीतरी जास्त दरवळते. पान इथे कुचकामी, तव्यावर टाकलं की पाणी सोडून गळून बसतं.

पानाची खरी जागा माझ्या मते भज्यात. बेसनात बुडवून तळलेलं, आतून रसरशीत राहिलेलं ते पान बाहेर धो धो पाऊस असताना खाण्यासारखं दुसरं काही नाही. ते औषध आहे असं मात्र कुणी सांगू नये. कर्नाटकात याला दोड्डपत्रे म्हणतात आणि पानं जिऱ्या-मिऱ्यांबरोबर परतून, खोबऱ्यात वाटून, ताकात कालवून तंबुळी करतात. सर्दीने तोंडाची चव गेलेल्या माणसाला भातावर ती बरी वाटते.

या दोघांत ‘ओव्याचं फूल’ नावाचा तिसराही घुसतो. काष्ठौषधीच्या दुकानात ते मागितलं तर फूल मिळत नाही, पांढरे पारदर्शक खडे मिळतात. ते म्हणजे शुद्ध थायमॉल. पहिल्या महायुद्धाआधी भारतातला ओवा जहाजं भरभरून जर्मनीला जाई तो यासाठीच. व्हिक्सच्या डबीवरची घटकांची बारीक अक्षरं वाचली तर पुदिन्याचं फूल (म्हणजे मेन्थॉल) आणि कापराबरोबर हेही सापडतं. हीच तीन द्रव्यं समभाग एका बाटलीत घातली की खडे आपोआप विरघळून पातळ होतात, ती अमृतधारा. हे प्रकरण ओव्याच्या दाण्यापेक्षा कितीतरी पटींनी तीव्र आहे. काढ्यात चमचाभर ओव्याऐवजी चमचाभर ओव्याचं फूल घालणं ही सरळसरळ विषबाधेला दिलेली हाक. आणि कापूर असलेलं काहीही तान्ह्या मुलाच्या नाकाजवळ नको, पोटात तर नकोच. कापराने लहान मुलांना झटके येतात.

बाळ-बाळंतिणीला ओवा, शेपा, वावडिंगाची धुरी देण्याची पद्धत अजून पेठांतल्या वाड्यांतही आहे आणि बाणेरच्या टॉवरमध्येही. घरातल्या ज्येष्ठांचा मान राखून सांगते, धूर तो धूरच. त्यात ओवा जळो की लाकूड, बाळाच्या फुप्फुसांना तो त्रासच देतो. बाळंतिणीला ओव्याचा शेक द्या, ओवा-बाळंतशोपेची सुपारी द्या, पण शेगडी बाळाच्या खोलीबाहेर.

एवढं सगळं करून होतं काय? साध्या सर्दीत आराम पडतो. ऊब लागते, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, गरम पेयाने घसा शेकतो, रात्री झोप लागते. थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल प्रयोगशाळेत जंतूंना मारतात हे खरं, पण काचेच्या बशीतले जंतू आणि माणसाच्या घशात बसलेला विषाणू यांत अंतर फार. ‘ज्याचं पोट दुखेल तो ओवा मागेल’ असं आपल्याकडे म्हणतात. जुन्या जाणत्यांनीही ओवा आधी पोटासाठीच ठेवला होता.

फ्लूची गोष्ट निराळी. सर्दी हळूहळू चढते. फ्लूमध्ये सकाळी ठीक असलेला माणूस संध्याकाळी कडकडीत तापाने, अंग मोडून आलेल्या अवस्थेत पडलेला असतो. पुण्याला हे कुणी समजावून सांगायला नको. १९५२ पासून विषाणूंचा अभ्यास करणारी संस्था आपल्याच गावात आहे, आणि २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूच्या तपासणीसाठी नायडू रुग्णालयाबाहेर लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. फ्लूवरचं ऑसेल्टामिव्हिर पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत उपयोगी पडतं. ते दोन दिवस काढे पाजण्यात घालवणं हाच घरगुती उपायांचा सगळ्यांत मोठा अपाय. धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल दूध-पाणी घेत नसेल किंवा ताप उतरून पुन्हा चढला असेल, तर थेट दवाखाना. घरात गरोदर बाई, मधुमेही, दमेकरी किंवा साठीपुढची माणसं असतील तर एवढीही वाट पाहू नये.

ग्रुपवर आणखी एक घोळ होतो तो पानफुटीचा. तिचंही पान जाड, कडेला कातरलेलं, आणि पाथरचूर हे नाव लोक दोन्ही झाडांना बिनदिक्कत लावतात. पानफुटीचं पान मात्र गुळगुळीत, लव नसलेलं, आणि चुरडलं तर ओव्याचा वास नाही. काढ्यात टाकण्याआधी पान चुरडून हुंगा. वास आला नाही तर टाकू नका.

पानओवा विकत घेण्यात अर्थ नाही. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात किंवा सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीत मिळेल, पण ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून चार बोटं फांदी आणली तरी पुरते. खालची पानं काढायची आणि पाण्याचा निचरा होईल अशा मातीत खोचायची. जुलैत गॅलरीवर पावसाचा मारा होत असेल तर कुंडी आत ओढा, नाहीतर दांडा बुंध्याशी काळा पडून कुजतो. ओवा मात्र विकतच घ्यावा लागतो, तेव्हा थोडासा तळहातावर चोळून, हुंगून घ्या. घरी घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि वर्षभरात संपवा. तेल उडून गेलेला ओवा पुरचुंडीत बांधला काय आणि भाजलेला रवा बांधला काय, शेक तेवढा मिळेल.